अकराशे वेळा ‘गप्प बस’

कोल्हापुरातल्या एका कंपनीत बसच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर बनायचं. कोडमध्ये चूक दिसली की इशारा द्यायला तिथं लिंटर नावाचा एक प्रोग्राम होता. पण वर्षानुवर्षं त्या कोडमध्ये अकराशे ठिकाणी सूचना लिहून ठेवलेली होती, ‘इथे गप्प बस.’ तो बिचारा गप्प बसायचा, आणि परवा एकच सीट दोघांना विकली गेली.

तरुण प्रोग्रामर हेमांगीनं सगळ्या टीमसमोर विचारलं, गरज नसलेल्या सूचना काढून टाकू का? कोडची रचना ठरवणारे मुख्य आर्किटेक्ट दाभाडेसर खुर्चीत रेलले.

“तू शाळेत होतीस तेव्हापासून हा कोड मी सांभाळतोय. यातली एकेक सूचना खालचा कोड नीट वाचूनच लिहिलीय. न वाचता लिहिलेली एक दाखव, मग खुशाल साफसफाई कर.”

जुन्या कोडवर वाद घातला तर सर संध्याकाळपर्यंत कारणं पुरवतील, हे हेमांगीला ठाऊक होतं. म्हणून तिनं जुनं काही उघडलंच नाही. नवी फाइल सुरू करताना वापरायला सरांनी सगळ्यांना सक्तीचा केलेला नमुना घेतला आणि त्यांच्यासमोरच एक नवी फाइल बनवली. फाइल कोरी होती. माथ्यावर मात्र ओळीनं सात वेळा लिहिलेलं होतं, ‘इथे गप्प बस.’

“सर, यातला कोड मला अजून लिहायचाय,” ती अदबीनं म्हणाली. “तुमचा तो वाचूनही झालाय.”

दाभाडेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सात सूचना तरीही सातच होत्या.

“साफसफाईची सुरुवात नमुन्यापासून कर,” ते म्हणाले.