इनास मेस्ताच्या सात गिटारी

आमच्या हळदणखोलच्या खाडीवर पूल नव्हता, आणि पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर तोंडाशी हात धरावे लागत, त्या काळातली ही गोष्ट. तेव्हा गावात इनास मेस्त नावाचा सुतार राहत होता. तो होड्या बांधायचा. त्याने बांधलेल्या होडीत तळाला पीठ सांडलं तरी संध्याकाळपर्यंत ते कोरडंच राहायचं, असं म्हणतात.

इनासच्या बायकोचं नाव रुजाय. रुजायला एक धाकटा भाऊ होता, कायतान. तो बोटीवर नोकरीला निघाला तेव्हा बहिणीच्या घरी एक गिटार घेऊन आला. ती त्यांच्या वडिलांची होती. वडील गेल्यावर मागे तेवढीच उरली होती.

"भावजी," कायतान म्हणाला, "बाबाची गिटार तुमच्या हवाली. तुमच्या होडयेसारखी जपा."

इनास शब्दाचा पक्का माणूस होता. पावसाळा जवळ आला आणि गावातल्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. इनासने आपल्या होडीला माशाचं तेल पाजलं, फटींमध्ये कापूस आणि राळ ठोकून भरली, वरून झावळ्यांनी ती शाकारली. मग घरी येऊन त्याने गिटारीलाही तसंच सगळं केलं. आतून तेल, बाहेरून तेल, सांध्यांत राळ. मधलं गोल भोक त्याला फारच धोक्याचं वाटलं. तेही त्याने फळी बसवून बुजवलं.

पाऊस सरल्यावर झावळ्या काढल्या. गिटारीत पाण्याचा थेंबही गेला नव्हता. पण रुजायने तार छेडली तेव्हा ओल्या पोत्यावर बोट मारावं तसा आवाज आला. लाकूड फुगलं होतं, सांधे सुटले होते, आणि घरभर माशाचा वास पसरला होता.

रुजाय रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "कायतान येतलो तेव्हा त्येका काय दाखवशात?"

त्या दिवसापासून इनासने घरातच नवी गिटार करायचा कारखाना मांडला. पण मांडणार कुठे? खाडीकाठच्या घरात सगळीकडे ओल. पडवीत ठेवलेली फळी रात्रीतून वाकडी व्हायची. कोरडी जागा एकच होती, चुलीच्या वरचा माळा, जिथे रुजाय कोकमाची सोलं आणि सुके बांगडे ठेवायची. तिने सगळं खाली उतरवलं. माळ्यावर फणसाच्या फळ्या चढल्या. स्वयंपाकघराच्या अर्ध्या भागात रंधा, पटाशी आणि सरसाचं भांडं आलं. भाकरीत भुसा सापडायचा आणि भुशात कधी कधी भाकरी.

बाजूच्या पातळ फळ्या वाकवायला इनासला काही कठीण गेलं नाही. पाणी आणि धग देऊन फळी वाकवणं हे होडीचंच काम. पण पहिली गिटार तयार झाली तेव्हा गावातला होडीवाला धाकू तांडेल दारात येऊन ती बराच वेळ बघत उभा राहिला.

"मेस्तानू," तो म्हणाला, "ह्येका वल्ही खंय लावतलास?"

गिटार भक्कम होती. तिच्यावर माणूस उभा राहू शकला असता. आवाज मात्र नव्हता. दुसरी इनासने इतकी पातळ केली की तार ताणताच तिची छाती फाटली. तो चुलीपुढे डोकं धरून बसला.

तेव्हा रुजाय म्हणाली, "अवो, मी फणस काढूक जातंय तेव्हा काय करतंय?"

"वाजवून बघतंस."

"मग फळीक पण इचारा."

इनासने फळी रंधली आणि तिच्यापुढे धरली. तिने बोटाच्या पेराने टकटक केलं. "कच्ची." त्याने पुन्हा रंधली. "कच्ची." असं म्हणतात, की सतरा वेळा ती कच्ची म्हणाली. अठराव्या वेळी फळीतून पिकल्या फणसासारखा खोल, गोड आवाज आला. रुजायने हात मागे घेतला. "आता थांबा."

त्या गिटारीच्या पोटात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, इनासने जुन्या गिटारीच्या लाकडाचा एक तुकडा चिकटवला. मग ती चुलीजवळच्या खुंटीवर टांगली आणि कायतानची वाट बघू लागला.

नाताळ आला. कायतान आला नाही. पत्रही आलं नाही. ज्याला द्यायची त्याच्यासाठी नवीनच हवी, म्हणून इनासने पुढच्या वर्षी आणखी एक गिटार केली आणि खुंटीवरची शेजारच्या घरी दिली. नव्या गिटारीतही जुन्या लाकडाचा तुकडा घातला. अशी सहा वर्षं गेली. सहा घरांत सहा गिटारी वाजू लागल्या. सातवी खुंटीवर होती. इनास तिला कुणाला हात लावू देत नसे.

त्या सातव्या नाताळच्या सकाळी खाडीवर असं धुकं उतरलं, की धक्क्यावरच्या माणसाला आपले पाय दिसेनात. आणि समुद्राच्या बाजूने शंख ऐकू आला. एक मचवा खाडीच्या तोंडाशी आला होता आणि तिथे खडक होते. मचव्यात कोण आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं. धाकू तांडेलने हाका मारल्या. लाटांनी त्या गिळल्या.

रुजायने खुंटीवरची गिटार काढली.

"अगो, ती त्येची असा!" इनास ओरडला.

"थंय माणसां बुडतत, आणि ही खुंटयेर रवतली?"

ती धक्क्यावर बसली आणि वडिलांकडून ऐकलेली धून वाजवू लागली. मग दुसऱ्या घरची गिटार आली, तिसरी आली, सातही जमल्या. असं म्हणतात, की त्यांचा आवाज पाण्यावरून सरळ चालत गेला आणि धुक्यात केसांत भांग पडावा तशी वाट पडली. त्या वाटेने मचवा आत आला.

सगळ्यात आधी कायतान उतरला. दाढी वाढलेली, अंगाने निम्मा झालेला. त्याने बहिणीच्या हातातल्या गिटारीकडे पाहिलं.

"बाय, ही बाबाची न्हय. पण खडकापाशी मी बाबाचीच ऐकलंय."

इनास पुढे आला. सात वर्षं पाठ केलेलं सगळं तो विसरला. "मी तिका होडयेसारखी जपलंय," तो कसाबसा म्हणाला. "तेल लावलंय. भोक बुजवलंय. मेली ती. आता ह्या साताच्या पोटात थोडी थोडी असा."

कायतानने सातही गिटारी एकेक करून वाजवून पाहिल्या. मग तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"चूक माझी, भावजी. जपा म्हणान मीच सांगलंय. ती जपूची नव्हती, वाजवची होती."

आता इनास नाही, रुजाय नाही, खाडीवर पूल आहे. माळ्यावर मात्र अजून काही घरांत फणसाच्या फळ्या सुकतात. नवीन गिटारीच्या पोटात जुनीचा तुकडा जातो, आणि फळी पिकली की नाही हे घरातली बाई सांगते. होड्यांना तेल पाजतात त्या आठवड्यात सगळ्या गिटारी स्वयंपाकघरात नेऊन ठेवतात, तेलाचे हात त्यांना लागू देत नाहीत.

आणि बोटीवर जाणारा माणूस मागे काहीही ठेवून जावो, गिटार, सायकल की शिवणयंत्र, तो 'जपा' म्हणत नाही. उंबऱ्यावर बोटाच्या पेराने एकदा टकटक करतो आणि म्हणतो, "वाजती ठेवा."