बंद दाराकडे पाहणाऱ्या मुली

"…आणि आता ऐका, मदर. काही ऐकू येतंय?"

मदर इमेल्दांनी हातातला घास थांबवला. कान दिला.

"नाही."

"तेच तर!" सिस्टर जोविता खुलून म्हणाली. "पन्नासेक मुली जेवतायत, पण ताटाला वाटी लागल्याचा आवाज नाही. मी आले तेव्हा नुसता बाजार होता इथे."

जोविता डाबरे या वसतिगृहाची प्रमुख होऊन वर्ष होत आलं होतं. डोंगरातलं घर, आसपासच्या पाड्यांवरच्या मुली. शिस्तीसाठी जोविताचं नाव होतं. हाताखालच्या सिस्टर तिला वचकून असत. मदर इमेल्दा तिच्या गुरू. व्रत घेण्याआधी त्यांनीच तिला घडवलं होतं. आता त्या ऐंशीच्या घरात होत्या. सिस्टरांना चिंतनाचे दोन शब्द सांगावेत म्हणून जोविताने त्यांना बोलावून घेतलं होतं. खरं म्हणजे, दाखवायला बोलावलं होतं.

मदरांनी मुलींवरून नजर फिरवली. एकसारख्या वेण्या. एकसारख्या खाली घातलेल्या माना. चैत्राचं ऊन पत्र्यावर रटरटत होतं, आणि कोपऱ्यातली एक मुलगी गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरी स्वेटर घालून भात खात होती.



मदरांनी पाण्याचा स्टीलचा पेला उचलला, हात टेबलाबाहेर नेला… आणि सोडून दिला.

पेला फरशीवर आदळला. खणखणत लांब गेला.

एकही मुलगी किंचाळली नाही. एकीनंही पेल्याकडे पाहिलं नाही. सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि एकाच बाजूला वळल्या. व्हरांड्याच्या टोकाच्या एका बंद दाराकडे. भात वाढणारी ग्रेटासुद्धा तिकडेच बघत होती. ती अठरा-एकोणीस वर्षांची, अजून व्रत न घेतलेली. तिच्या हातातला डाव अधांतरी राहिला होता.

मग माना खाली गेल्या. जेवण पुन्हा सुरू झालं. मुकाट.

जोविताने वळून मागे पाहिलं. जेवताना ती रोज त्या दाराकडे पाठ करून बसायची.

"त्या दाराआड कोण आहे?" मदरांनी विचारलं.

"कोणी नाही, मदर. फादर सेराफिनांची खोली आहे. ते दर शुक्रवारी संध्याकाळकडे येतात, एकेकीला बोलावून आध्यात्मिक मार्गदर्शन करतात. आत्ता खोली रिकामी आहे."

"हे मुलींना ठाऊक आहे?"

"हो… असणारच."

"मग त्या कोणाकडे पाहत होत्या?"

जेवणं आटोपल्यावर जोविताने ती खोली उघडून दिली. एक उंच पाठीची खुर्ची. समोर एक बुटकं स्टूल. भिंतीवर क्रूस. खिडकीला दुपदरी जाड पडदा. दाराला आतून जाड अस्तर आणि कडी, कडीला नुकतंच तेल घातलेलं.

"बस," मदर म्हणाल्या.

जोविता खुर्चीकडे वळली.

"तिथे नाही. इथे."

जोविता स्टुलावर बसली. मदर बाहेर गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

अंधार झाला. गुडघे हनुवटीशी आले. समोरची खुर्ची एवढी जवळ होती की पाय सरकवायला जागा नव्हती. आपण उगाच हे खेळ करतोय, असं जोविताला आधी वाटलं. मग वाटेनासं झालं. बाहेर ताटं घासली जात होती, त्यांचा आवाज आत येत नव्हता.

"मदर?"

हाक पडद्यात जिरून गेली.

तिने पुन्हा हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. उठायला म्हणून तिने भिंतीचा आधार घेतला आणि तिचं बोट भिंतीत रुतलं.

स्टुलाच्या शेजारी, लहान मुलीचा हात सहज पोचेल एवढ्या उंचीवर, गिलावा खरवडलेला होता. नखांनी. एवढीशी खोबण. आत बोट फिरवलं तर गुळगुळीत लागत होती. किती बोटं फिरली असतील तिच्यात…

जोविता दार उघडून बाहेर आली. घामाने तिचा झगा भिजला होता.

"मी हाका मारत होते, मदर!"

"मी दाराला कान लावून उभी होते," मदर म्हणाल्या. "आवाज आला नाही."

मदरांनी दार पुन्हा ओढून घेतलं.

"तुला कोणी काही सांगितलं नव्हतं?"

"नाही… म्हणजे… रतनी वरठा. ती स्वेटरवाली. नाताळानंतर एकदा आली होती. म्हणाली, सिस्टर, त्या खोलीत मला थंडी वाजते."

"मग?"

"मी तिला स्वेटर दिला."

मदरांनी डोळे मिटून घेतले.

"फादरांनी हे घर उभं केलंय, मदर," जोविता भराभर बोलू लागली. "लोक त्यांच्या पाया पडतात. एकदम असं कसं… मी आधी त्यांनाच विचारते. किंवा रतनीला बोलावते. दार लावून शांतपणे विचारते. बायबलवर हात ठेवायला सांगते, म्हणजे खरं काय ते…"

"दार लावून?"

जोविताची नजर त्या दाराकडे गेली.

"आणि बायबलवर हात तिने ठेवायचा?"

मागे कोणीतरी उभं होतं. ग्रेटा. ओले हात तसेच पुढे धरलेले.

"मलाही बोलावतात, सिस्टर." दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसा तिचा आवाज सपाट होता. "मी आले होते तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, आधी आज्ञापालन शीक."

जोविताला ते आठवलं. अगदी तेच शब्द. त्या दिवशी त्या शब्दांबद्दल तिला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

मदर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि त्यांनी शेजारी जागा केली.

"बस, बाळ. माझा तुझ्यावर विश्वास आहे. बोलावंसं वाटलं तर बोल. नाही बोललीस तरी मी इथेच बसलेय."

ग्रेटा बसली. बोलली नाही. तिचे खांदे तेवढे हलू लागले.

तेवढ्यात अंगणातला नळ बंद झाला. मग दुसरा.

मुलींनी हातातली कामं खाली ठेवली. फ्रॉकला हात पुसले. कोणी हाक मारली नव्हती, घंटा वाजली नव्हती; तरी एकामागून एक त्या व्हरांड्यात आल्या आणि त्या दारासमोर रांगेत उभ्या राहिल्या. रतनी सगळ्यांत पुढे. चेहरे कोरे. अंगं तेवढी रांगेत ठेवून मुली दुसरीकडेच कुठेतरी निघून गेल्यासारख्या.

जोविताने कान टवकारले. डोंगर सुन्न होता.

मग, बऱ्याच वेळाने, घाटाच्या वळणावर जीपचा हॉर्न वाजला.

"आज शुक्रवार," जोविता पुटपुटली. "एरवी एवढ्या लवकर येत नाहीत… मदर, मी काय करू?"

मदर बाकावरून उठल्या नाहीत.

"तू या घराची कोण आहेस?"

जोविता फाटकाकडे चालू लागली. ती पोचली तेव्हा फादर सेराफिन जीपमधून उतरत होते. पांढराशुभ्र झगा, हातात मुलींसाठी गोळ्यांचा डबा. तिने फाटकाची कडी आतून घातली.

"फादर, आज आत येता येणार नाही."

ते हसले. "सिस्टर, हे घर मी बांधलंय."

"हो."

"मग?"

"येता येणार नाही."

"तुमच्या वरिष्ठांशी बोलावं लागेल मला."

प्रांतप्रमुख, बदली, बदनामी… सगळं जोविताच्या डोळ्यांपुढून गेलं. फादरांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि व्हरांड्यातल्या मुलींकडे बघून गोड हसले.

आणि जोविताने पाठीमागे ते ऐकलं. सगळ्या रांगेचा श्वास एकदम थांबल्याचं.

"बोला तुम्ही," ती म्हणाली. "मी पोलिसांशी बोलते."

उन्हं कलायच्या आत ती तालुक्याला जाऊन आली. साध्या साडीतल्या एक पोलीस अधिकारी आल्या. रतनीची आई पाड्यावरून आली. अंगणातल्या फणसाखाली, उघड्यावर, आईच्या मांडीला टेकून रतनी हळूहळू बोलली. मग ग्रेटा बोलली. मग आणखी काही जणी. काही जणी नाहीच बोलल्या. त्यांना कोणी बोलतं केलं नाही.

फादर सेराफिनांना अटक झाली. दटावणारे फोन आले. घराची अब्रू वेशीवर टांगली म्हणून घरातल्या दोघी सिस्टर जोविताशी बोलेनाशा झाल्या. काही पाड्यांनी आपल्या मुली परत नेल्या. रतनीही आईबरोबर गेली. जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

मदर इमेल्दा निघाल्या त्या सकाळी जोविता त्यांची पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत आली. तिचे डोळे खोल गेले होते.

"मदर, मी रतनीच्या पाड्यावर जाते."

मदर रस्त्याकडे पाहत होत्या.

"तिच्या पायांवर डोकं ठेवते. क्षमा मागते. तिने एकदा क्षमा केली, की…"

"की?"

"की मला झोप लागेल."

एसटी वळणावर दिसू लागली. मदरांनी तिच्या हातातून पिशवी घेतली. तो हात आपल्या हातात धरून ठेवला…

"तिच्याकडे आता तूही काही मागू नकोस."