आवडाबायची होडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार? तर खाडीवर पूल व्हायचा होता आणि केळजुव्यावर जायचं तर होडीशिवाय वाट नव्हती. जुवा म्हणजे चारी बाजूंनी खाडी असलेलं बेट. त्या जुव्याची होडी चालवायचा धाकू तांडेल, आणि त्याच्या बरोबरीनं वल्हं मारायची त्याची बायको आवडाबाय. काय तिचं वल्हं! असं म्हणतात की तिनं वल्हं पाण्यात घातलं की खाडीतले मासेसुद्धा बाजूला होऊन बघत राहायचे.

पण आवडाबायला मूल नव्हतं. आणि हे लपवू म्हटलं तरी लपायचं नाही बघा. तेव्हाच्या रीतीनं महिन्याचे ते दिवस आले की बाईनं बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही. मग होडीला कशी शिवणार? धाकू एकटाच वल्हवताना दिसला की साऱ्या जुव्याला कळायचं, या महिन्यातही नाही. दुःख नवरा-बायकोचं, आणि दर महिन्याला खाडीवर दवंडी पिटल्यासारखं व्हायचं. धक्क्यावरच्या बायका हळहळायच्या, आणि ती हळहळच तिला जास्त लागायची.

उपास झाले, नवस झाले, वैद्याचे कडू काढे झाले, पिंपळाला फेऱ्या घालून पाय सुजले. पाळणा काही हलला नाही. मग लोकांची तऱ्हा बदलली. आधी येता-जाता ‘काही विशेष?’ म्हणून विचारणाऱ्या बायका गप्प झाल्या, आणि तान्हं घेऊन होडीत बसल्या की त्याचं तोंड पदराखाली झाकू लागल्या. का? तर म्हणे वांझेची नजर लागते. अहो, जिच्या हाती जीव सोपवून खाडी पार करायची, तिच्या नजरेची भीती! आवडाबाय पाण्याकडे बघत वल्हं मारायची. पण मनातून तिला एवढंच हवं होतं. आपलं नसेना का, कुणाचं तरी बाळ एकदा कुणी आपण होऊन आपल्या हातात द्यावं.

असा एक श्रावण आला. मथुराकाकूंची लेक बाळंतपणाला आली होती, तिच्या मुलाचं बारसं पुनवेला ठरलं. मथुराकाकू म्हणजे जुव्यावरची मोठी बाई, त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. घरोघर बोलावणं गेलं, एक आवडाबायचं घर सोडून. बाप्ये सगळे नारळ वाहायला खाडीच्या मुखाशी गेले होते, धाकूही गेला होता. बायका पोराबाळांना घेऊन काकूंच्या घरी जमल्या. आणि आवडाबाय एकटी होडीत बसून लांबून पाळण्याची गाणी ऐकत होती. बोलावणं नव्हतं म्हणून ती पाण्यावर होती, बरं का.

तर तिनं बघितलं, भरती थांबायचं नावच घेत नाही. पुनवेचं उधाण, त्यात वारा सुटलेला. बघता बघता शेताचा बांध फुटला आणि खाडी भातातून धावत सुटली! आवडाबायनं हाका मारमारून घसा फोडला, पण गाण्यांच्या गलक्यात कोण ऐकतंय? मग तिनं काय करावं? होडी सरळ शेतात घातली. असं म्हणतात की कुंपणं ओलांडून, केळीच्या बागेतून, ती होडी थेट काकूंच्या अंगणात आली.

तोवर बायका-पोरं माळ्यावर चढली होती. खाली घरात कंबरभर पाणी, आणि भिंती मातीच्या. त्या कितीशा टिकणार? माळ्याच्या खिडकीत मथुराकाकू उभ्या, हातात नातू. आवडाबायनं होडी भिंतीला लावली आणि हात वर केले. आणि काकू थांबल्या. हो, त्या वेळीसुद्धा थांबल्या. बाळाच्या तोंडावर पदर ओढला त्यांनी.

आवडाबायला रडू फुटलं. पण हात काही खाली घेतले नाहीत तिनं. म्हणाली, “काकू, माझी नजर वाईट असेल तर मी डोळे मिटते. पण पोर द्या.”

आणि मिटले तिनं डोळे. होडी हिंदकळतेय, वारा घोंघावतोय, आणि ही डोळे मिटून, हात वर करून उभी.

काकूंच्या तोंडून तेच निघालं, जे बारशाला पाळण्याखालून बाळ देताना म्हणतात. “गोविंद घ्या, गोपाळ घ्या.” मग बाळाच्या तोंडावरचा पदर काढला त्यांनी. “डोळे उघड गो बाय. बघ त्याच्याकडे.”

आवडाबायनं बाळ घेतलं. ऊन ऊन, दुधाच्या वासाचं. तिला वाटलं, आता खाडीनं नेलं तरी चालेल. आणि लगेच वाटलं, छे, आता कशी नेते तेच बघते!

मग काय, एकच घोष उठला. गोविंद घ्या, गोपाळ घ्या! खिडकीतून एकेक पोर येतंय आणि आवडाबाय घेतेय. पोरांमागून आया, आयांमागून म्हाताऱ्या, सगळ्यात शेवटी काकू. होडी तरी केवढी? आठ-दहा माणसांची. पण असं म्हणतात की पोर आत आलं की ती वीतभर रुंद व्हायची. सगळा जुवा मावला तिच्यात. काकूंनी खिडकीतून पाय काढला आणि मागे घर बसलं. आवडाबायला वल्हं मारायला हात मोकळे कुठे होते, दोन्ही काखांत पोरं! तर होडी आपली आपण चालू लागली आणि पलीकडच्या टेकडीला अलगद टेकली. खोटं वाटतं? वाटू दे. जुव्यावरच्या माणसांना नाही वाटत.

पाणी ओसरल्यावर बारसं नव्यानं झालं. बोलावणं करायला काकू स्वतः आवडाबायच्या दारी गेल्या आणि तिची ओटी भरून तिला हाताला धरून घेऊन आल्या.

आता पूल झालाय. तरी केळजुव्यावर बारशाचा पाळणा घरात बांधत नाहीत, धक्क्यावर होडीत बांधतात. “आवडाबाय, घ्या” म्हणून बाळ पुढे करतात, आणि जवळ जी बाई असेल ती घेते. तिला पोरं आहेत की नाहीत, कुणी बघत नाही. बाळाचं तोंड उघडंच ठेवायचं, अशी रीत आहे. आणि नव्या नवरीला ‘काही विशेष?’ म्हणून विचारायचं नाही. विचारलंच कुणी, तर विचारणारीच्याच हातात वल्हं देतात. एकटीनं खाडीपार जाऊन परत ये म्हणतात, आणि मग विचार. परत आल्यावर अजून तरी कुणी विचारलेलं नाही.

काय म्हणता? आवडाबायला पुढे मूल झालं का?

विचारलंत ना शेवटी! धरा, हे घ्या वल्हं.