स्वस्तिकाची पाठ

एका गावात एक अंगण होतं आणि त्या अंगणाला समोरासमोर दोन दारं. एका दारात थोरली जाऊ, दुसऱ्या दारात धाकटी. कोपऱ्यातल्या तुळशीला दोघी पाणी घालायच्या, पण वेगवेगळ्या वेळी, कारण तीन वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं.

भांडण तरी कशावरून? एका हळदीकुंकवाला थोरली चारचौघींत म्हणाली होती, "हिच्या पुरणपोळ्या अजून फुटतात." बस्स, एवढंच. पण धाकटीला ते असं लागलं, की तिनं त्या दाराचं नावच टाकलं.

आता धाकटीचं घर नवं बांधून झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. सगळ्या गावाला आमंत्रण गेलं, समोरच्या दाराला मात्र नाही. नवऱ्यानं ते पाहिलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "आई गेल्यावर मला वहिनीनं वाढवलं. ती आली नाही, तर मी पूजेला बसायचा नाही."

धाकटीला ते कळत होतं. यजमानच पाटावर नसेल तर पूजा कसली, आणि गावात शोभा होईल ती वेगळीच. तरी पाय काही समोरच्या दाराकडे वळेनात. भटजी येऊन बसले, की हाही बसेल मुकाट्यानं, अशी ती स्वतःची समजूत घालत राहिली.

दुपारी तिनं कुंकू कालवलं आणि दारापुढच्या फरशीवर स्वस्तिक काढायला बसली. तेवढ्यात तिच्या मनात आलं, की स्वस्तिकाचं तोंड पाहुण्यांच्या वाटेकडे करावं आणि पाठ समोरच्या दाराला. म्हणजे शुभ सगळ्यांचं होईल, त्या एकीला सोडून. पण स्वस्तिकाचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, हे तिला ठाऊक नव्हतं.

उद्याची तयारी बघायला भटजी आले होते, त्यांना तिनं विचारलं. ते म्हणाले, चार भुजा म्हणजे चार वेद. शेजारीण म्हणाली, छे, त्या तर चार दिशा. बांगड्या भरायला आलेल्या कासारणीच्या माहेरी धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष असं सांगत. शेजारणीचा नवरा जाता जाता सूर्याच्या फिरण्याचं काहीतरी सांगून गेला. धाकटीचं डोकं गरगरायला लागलं. सगळ्यांचंच खरं वाटत होतं आणि पाठ कुठली ते कुणीच सांगत नव्हतं.

शेवटी तिनं आपल्या अंदाजानं एक स्वस्तिक काढलं. रस्त्याकडून पाहिलं तर सरळ. गोठ्याकडून पाहिलं तरी सरळ. घरातून पाहिलं, तेव्हाही तेच. तिनं ते पुसलं, दुसऱ्या बाजूला बसून पुन्हा काढलं, तरी फरक पडेना. मग हट्टानं तिरकं काढलं. ते रस्त्याकडून तिरकं दिसलं, गोठ्याकडूनही तिरकं, आणि तिच्या स्वतःच्या उंबऱ्यातून तर बघवेना. हे असं कसं, ते तिला उमगेना. पुन्हा पुसून तिनं सरळ काढलं.

आता एकच बाजू राहिली होती. थोरली या वेळी शेतावर असते, असा विचार करून धाकटी अंगण ओलांडून गेली, समोरच्या पायरीवर चढली आणि वळून पाहिलं. तिच्या स्वतःच्या दारातून दिसत होतं, तसंच ते इथूनही दिसत होतं.

मागे कडी वाजली. थोरली घरातच होती.

तिनं धाकटीकडे पाहिलं, मग तिच्या कुंकवानं माखलेल्या बोटाकडे. उद्या पूजा, इतक्या वर्षांनी जाऊ पायरीवर, आणि बोटाला ओलं कुंकू. तिला जे वाटायचं तेच वाटलं. तिचे डोळे भरून आले.

"आलीस होय," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, नाही बोलवायचीस." आणि डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं कपाळ पुढं केलं.

धाकटी गोंधळून तशीच उभी राहिली. हात मागे घेतला तर या बाईचा अपमान, आणि कुंकू लावलं तर आपला खोटेपणा. काय करावं ते तिला कळेना. समोर ते कपाळ होतं, केस आता पिकायला लागलेले, आणि तिला स्वतःची फार लाज वाटली.

"मी बोलवायला म्हणून आले नव्हते, अक्का," ती हळूच म्हणाली. "पण आता बोलावते."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. कपाळ मात्र तिनं मागे घेतलं नाही.

"बोलावलंस ना, झालं तर," ती म्हणाली.

धाकटीनं तिला कुंकू लावलं. घाईत ते जरा कपाळभर झालं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी थोरलीच आली. तिला दारात बघताच धाकटीचा नवरा कुणी न सांगता पाटावर जाऊन बसला. चार भुजा म्हणजे नेमकं काय, हे कोडं धाकटीला शेवटपर्यंत सुटलं नाही, पण त्या दिवशी तिनं कुणाला विचारलंही नाही.

तात्पर्य काय, तर एका माणसाला वगळून शुभ चिंतता येत नाही. त्याच्यासाठी म्हणून ते वाकडं केलं, की आपल्याही दारातून वाकडंच दिसतं.