भिंतीची फेरी

"आवाज बंद झाल्यावर दोष उरतो का, मिस्त्री?"

बाबालाल मिस्त्री डिझेलच्या डब्यात बेअरिंग धूत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कुणाच्या गाडीचा?"

"गिऱ्हाइकाच्या."

"मग गिऱ्हाइकाला धाडून द्यायचं. तू कशाला आलास?"

सयाजीनं एक उलटा टायर पुढे ओढला. घाटाच्या पायथ्याच्या याच पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षं पाने-पकडी पुसत तो शिकला होता. आता हायवेला त्याचं स्वतःचं होतं. त्याला गॅरेज म्हटलेलं खपत नसे, सर्व्हिस सेंटर म्हणायचं. दोष शोधायला कॉम्प्युटर, गिऱ्हाइकाला टेकायला सोफा. गेल्या चार वर्षांत त्याला या शेडकडे वळायला सवड झाली नव्हती. गरज सरली होती. वैद्य मात्र मेला नव्हता.

तो त्या टायरवर बसला आणि सांगू लागला.

पिठाची गिरणी चालवणाऱ्या मगदूमांच्या गाडीचं पुढचं चाक किंचाळत होतं. सयाजीनं चाक उघडलं. ब्रेकच्या पॅडला पोलादी पत्र्याची एक बारीक पट्टी असते. पॅड झिजलं की ती फिरत्या डिस्कला टेकते आणि किंचाळते. मिस्त्रींच्या शेडमध्ये तिला जीभ म्हणत. जीभ टेकली, म्हणजे पॅड संपलं.

नवी पॅड यायला दोन दिवस लागणार होते. मगदूमांना सकाळीच मेव्हणीच्या लग्नाला निघायचं होतं, आणि असली बोंबलणारी गाडी मांडवापुढे न्यायची त्यांना लाज वाटत होती.

"मग?"

"पक्कड घेतली... जीभ वाकवली. म्हटलं, आठ दिवसांत या, पॅड बदलू."

"आला?"

"नाही."

कशाला येईल? गाडी गुण्यागोविंदानं चालली होती.

पाचव्या आठवड्यात घाट उतरताना ब्रेक लागला नाही. गाडी दरडीवर आदळली. मगदूमांना खरचटलं. शेजारी बसलेल्या मगदूमवहिनींचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. वहिनी पायमशीनवर ब्लाऊज शिवायच्या.

"काल दवाखान्यातनं त्यांचा फोन आला," सयाजी म्हणाला. "म्हणाले, सयाजीराव, तुम्ही गाडी झकास केली होती बघा, हूं की चूं करत नव्हती. माझाच पाय चुकला असंल."

मिस्त्रींनी बेअरिंग खाली ठेवलं.

"तू काय म्हणालास?"

"काळजी घ्या म्हणालो."

मिस्त्रींनी हात पुसले.

"काढ तुझी गाडी."

शेडपलीकडे बंद पडलेल्या तेलगिरणीची लांबलचक भिंत होती. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी मिस्त्री त्या भिंतीला खेटून हळूहळू नेत. काचा खाली, रेडिओ बंद, कुणी बोलायचं नाही. उघड्या माळावर जो आवाज विरून जातो, तो भिंत परत आणून देते. भिंतीला कान असतात म्हणतात. मिस्त्री म्हणायचे, हिला तोंडपण हाय.

सयाजीनं काचा खाली केल्या आणि गाडी भिंतीलगत घेतली. जुन्या सवयीनं कान लावला.

"काही वाजत नाही, मिस्त्री."

"गाडीला काय धाड भरलीय? तू बोल. माझ्या जागी मगदूम बसलाय समज."

सयाजीनं घसा साफ केला. "मगदूमभाऊ, त्या दिवशी पॅड शिल्लक नव्हती. माल दोन दिवसांनी येणार होता..." काउंटरमागून बोलावं तसं तो छान, गुळगुळीत बोलला.

भिंत संपली.

"काय ऐकू आलं न्हाई," मिस्त्री म्हणाले. "वळव."

"मगदूमभाऊ, मी आठ दिवसांत या म्हटलं होतं. तुम्ही आला असता तर..."

"काय बी वाजंना. वळव."

तिसऱ्या फेरीला सयाजीचं डोकं फिरलं. त्यानं करकचून ब्रेक दाबला.

"तुमच्याकडंच शिकलोय मी! गावातल्या डॉक्टरांच्या गाडीची जीभ तुम्हीच वाकवली होती. माझ्या डोळ्यांदेखत!"

मिस्त्रींनी मान हलवली.

"वाकवली हुती," ते म्हणाले. "त्या गाडीत बसून मलकापूरला पॅड आणाय कोण गेलं?"

सयाजीला आठवलं. मिस्त्री स्वतः गेले होते, एकटे, बैलगाडीच्या चालीनं. डॉक्टरांना त्यांनी गाडीत बसू दिलं नव्हतं, एसटीनं पाठवलं होतं. सयाजीला इतकी वर्षं पक्कड तेवढी आठवत होती.

"तिथवरच शिकलास तू." मिस्त्रींचा आवाज खाली गेला. "माझंबी चुकलं. फुडलं बोलून दाखवाय पायजे हुतं... वळव."

चौथ्या फेरीला सयाजीनं गाडी आणखी हळू केली; अर्धी भिंत मागे पडली. फोनवर खरं तेच सांगायचं होतं, आणि तेव्हा फक्त ‘काळजी घ्या’ तोंडातून निघालं होतं, याची त्याला मनापासून शरम वाटली.

"मगदूमभाऊ..." तो म्हणाला. "तुमचा पाय चुकला नव्हता. पॅड संपलेलं मला दिसलं होतं. गाडी ओरडत होती, मी तिची जीभ... वहिनींचा..."

आवाज चिरकला. भिंतीनं तो तसाच चिरका परत आणून दिला. सयाजीला पुढचं दिसेना. त्यानं गाडी थांबवली.

मिस्त्रींनी एक बोट वर केलं.

"हां... टेकली जीभ."

सयाजीनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. भरदुपारी, रस्त्याच्या कडेला, चाळिशीचा माणूस हमसून हमसून रडला.

"हे कधी थांबंल, मिस्त्री?"

मिस्त्री दार उघडून उतरले आणि वळसा घालून त्याच्या बाजूला आले. समोरून लोक येताना दिसले तसा सयाजीचा हात नकळत काचेच्या बटणावर गेला होता. काच अर्ध्यावर आली होती. मिस्त्रींनी आपला ग्रीसचा हात तिच्या कडेवर ठेवला.

"दवाखाना हितनं किती लांब?"

"तासभर."

"तासभर काच खाली ठेव."