भिवराबाईनं शून्यावर ठप्पा मारला नाही

तीन राज्यांच्या शिवा जिथं मिळतात, तिथल्या एका गावात भिवराबाई नावाची एक बाई राहायची. तिचं काम मापं जुळवायचं. एका गावची पायली मोठी, दुसऱ्या गावची लहान. बाजारात त्यावरून डोकी फुटायची. भिवराबाई दोन्ही पायल्या भरून बघायची, कमीजास्त काय ते तोंडावर सांगायची आणि माप खरं असेल तरच त्यावर आपला ठप्पा मारायची. बाई फटकळ. पण तिचा ठप्पा दिसला की कुणी पुन्हा मोजायला जायचं नाही.

एके साली तान्ही पोरं फार दगावतात अशी ओरड उठली. तिन्ही राजांनी मिळून तीस जाणत्या सुइणी नेमायचं ठरवलं. जिथं पोरं जास्त जातात तिथं सुइणी जास्त जातील, असं ठरलं. तिन्ही राज्यांत घरोघर फिरून याद्या केलेल्या होत्या, पण त्यांचा एकमेकींशी मेळ बसेना. सपाटीवरचे लोक दुधाचे दात पडेपर्यंतच पोराला मूल म्हणायचे. नदीकाठचे लग्न होईपर्यंत म्हणायचे. डोंगरातल्यांचं तिसरंच काहीतरी. शेवटी तिघांनी भिवराबाईला बोलावणं धाडलं. पायल्या जुळवते ती याद्याही जुळवील!

डोंगरच्या राजवाड्यात तिच्यापुढं तिन्ही याद्या ठेवल्या. ती कारकुनांना म्हणाली, "तुम्ही मूल कुणाला म्हणता ते मला नका सांगू. किती महिन्यांचं ते सांगा." महिन्यांच्या मापानं दोन याद्या आठ दिवसांत जुळल्या. तिसरी डोंगरची. तिच्यात लिहिलं होतं, दगावलेली तान्ही पोरं: शून्य.

"शून्य?" भिवराबाईनं डोंगरच्या दिवाणांना विचारलं. "तुमच्याकडं काय देव येऊन झोळी हलवतो?"

"आमची हवाच तशी आहे, बाई," दिवाण म्हणाले. "जुळवा आणि मारा ठप्पा."

भिवराबाईनं यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. यादीच्या कडेला प्रत्येक घरानं वर्षभरात बाजारातून काय आणलं ते लिहिलेलं होतं. मीठ, तेल, गूळ, बाळंतशेपा. तिचं बोट तिथंच थांबलं. शेपा कुणी हौसेनं खात नाही. बाळंतिणीला दूध यावं म्हणून त्या घरात येतात. या घरात शेपा आल्या, मग पोर कुठं गेलं? पुढच्या घरात तेच. त्याच्या पुढं तेच. शेपा आहेत आणि पोर नाही, अशी चारशे अकरा घरं निघाली.

ती उठली आणि डोंगर चढू लागली. पहिल्या वाडीत एक बाई दळत बसली होती. आढ्याला रिकामी झोळी लोंबत होती.

"पोर कुठंय गं तुझं?"

"गेलं. तीन महिन्यांचं होतं."

"मग यादीत का नाही?"

"नाव नव्हतं ना ठेवलं, मावशी. आमच्यात दात आल्याशिवाय नाव ठेवत नाहीत. नाव ठेवलं की जीव जडतो. कारकून दारात आला नि म्हणाला, पोरांची नावं सांग. मी काय सांगणार?"

"आणि नाव नव्हतं म्हणून तू रडली नाहीस होय?"

त्या बाईच्या हातातला जात्याचा खुंटा सुटला. तिनं तोंडाला पदर लावला. भिवराबाई तिच्याजवळ बसून राहिली. मग उरलेलं दळण तिनंच दळून दिलं.

दीड महिना ती घर न् घर हिंडली. सदतीस घरांत पोर झोळीत हातपाय झाडत होतं, फक्त दात यायचे होते. बाकी सगळीकडं झोळी रिकामी. यादीत तिनं गेलेल्या प्रत्येक पोराचं एक टिंब दिलं. एकच घर राहिलं. तिथं पहारेकऱ्यांनी तिला आत सोडलं नाही.

डोंगरच्या राजवाड्यात सभा भरली. तिन्ही राजे बसले. दिवाणांनी टिंबं बघितली आणि ते हसले.

"ज्याला नाव नाही त्याची ओळ पडत नाही, असा आमचा नियम आहे. शून्यावर ठप्पा मारा आणि ही शालजोडी घ्या."

"शालजोडी तुम्हीच पांघरा, दिवाणजी. खोट्या मापावर मी ठप्पा मारत नसते."

डोंगरचा राजा लाल झाला. दोन राजांसमोर त्याची शोभा होत होती. "हा ठप्पा तुझ्याकडून काढून घेतला तर काय करशील? मापं जुळवून खातेस ना?"

भिवराबाईनं कनवटीचा ठप्पा काढला आणि त्याच्या पायाशी आपटला. "घ्या! तुमच्या हातानं मारा. आणि मग त्या आयांना जाऊन सांगा की बायांनो, तुमच्या कुशीत काही आलंच नव्हतं. मी माझी मोळ्या विकून खाईन."

"टिंबं काय कुणीही देईल!" राजा ओरडला. "एक तरी घर असं दाखव, जे मी स्वतः जाऊन बघू शकेन."

"बघा की. यादीतलं पहिलंच घर बघा. तेवढंच माझं राहिलंय. शेपा दीड शेर, आणि पोर नाही."

राजानं यादी ओढून घेतली. पहिलं घर त्याच्याच राजवाड्यातल्या राणीवशाचं होतं.

मग पडद्याआडून राणीचा आवाज आला. "तिथं टिंब दे, बाई. माझी लेक होती. साडेचार महिन्यांची. खालचा दात हिरडीतून दिसायला लागला होता."

राजानं स्वतः बोरू घेऊन शून्य खोडलं. खाली वाकला, ठप्पा उचलला आणि भिवराबाईच्या हातात ठेवला.

"आता मारते," ती म्हणाली.

तीसपैकी एकोणीस सुइणी डोंगरात गेल्या. दात आल्याशिवाय नाव न ठेवायची रीत तशीच राहिली, कारण आयांच्या भीतीला कुणी हुकूम देऊ शकत नाही. पण तेव्हापासून तिथला कारकून दारात आला की आधी विचारतो, "घरात शेपा आल्या होत्या का?" नावाचं नंतर.

तात्पर्य: मोजणाऱ्याच्या रकान्यात बसत नाही म्हणून कुणाचं लेकरू नाहीसं होत नाही. रकाना बदला. आणि खोट्या शून्यावर ठप्पा मागणारा राजा असला, तरी त्याला नाही म्हणा.