गावोगावचे दगड

माणसं पायी प्रवास करायची, त्या काळातली ही गोष्ट. एका बाजारगावाच्या वेशीवर पाणपोई होती. तिथली म्हातारी माठातलं गार पाणी द्यायची, सोबत गुळाचा खडा द्यायची आणि कुठून आलात, कुठे निघालात तेही विचारायची. आता पाणी विकत मिळतं, पण विचारपूस कुणी करत नाही.

त्या गावच्या वहाणा नावाजलेल्या होत्या आणि तिथे एक गोड रीत होती. इथून घेतलेली वहाण चांगली टिकली, तर पुन्हा येताना माणूस आपल्या गावच्या नदीतला एक दगड आणायचा आणि पाणपोईमागे त्या कारागिराच्या ढिगावर ठेवायचा. नवखा वाटसरू विचारी, "आजी, वहाणा कुणाकडे घेऊ?" म्हातारी सगळ्यांत मोठा ढीग ज्याचा, त्याचं नाव सांगे.

तो ढीग होता एका जुन्या कारागिराचा. मग त्याच्या शेजारी एक नवा दुकानदार आला. ढीग वाढायची वाट बघायला त्याला सवड नव्हती. त्याने रिकामटेकड्यांना पैसे चारले आणि गावाजवळच्या ओढ्यातले दगड टोपल्या भरभरून आणवले. बघता बघता त्याचा ढीग इतका वाढला, की मागचा जुना ढीग दिसेनासा झाला. म्हातारीही रीतीप्रमाणे त्याचंच नाव सांगू लागली.

जुन्या कारागिराकडे कुणी फिरकेना. चूल कशीबशी पेटत होती. बायको म्हणाली, "आपणही चार टोपल्या आणून टाकू. ओढा काय त्याच्या बापाचा आहे?"

"नको गं. आपला एकेक दगड कुणीतरी डोंगर ओलांडून आणलाय. त्यात ओढ्यातले मिसळले, तर उद्या आपले आपल्यालाच ओळखू येणार नाहीत."

"मग खायचं काय? दगड?"

तो खाली मान घालून शिवत राहिला. नव्या दुकानातल्या वहाणा वेशीबाहेरच्या चढावरच तुटत. लोक लंगडत परत येत आणि दुकानदार त्यांना ओळखही देत नसे. जुना कारागीर मात्र शेजाऱ्याबद्दल वाकडा शब्द न काढता त्यांच्या वहाणांचे अंगठे पक्के शिवून देई.

पुढच्या हंगामात त्यांतलाच एकजण पांढराशुभ्र दगड घेऊन आला. "आजी, माझी तुटकी वहाण ज्याने शिवली, त्याचा ढीग कुठाय?"

त्याला दाखवायला म्हातारी मोठ्या ढिगामागे गेली. जुन्या ढिगात तांबडे, हिरवट, ठिपक्यांचे, गावोगावचे दगड होते. पुढचा ढीग मात्र सगळा गावच्या ओढ्यातल्या दगडांसारखा काळा होता. म्हातारी चरकली.

"रोज त्याच ओढ्याचं पाणी भरते मी," ती म्हणाली, "आणि त्याचे दगड मला ओळखू आले नाहीत. किती पायांना मी चुकीची वाट दाखवली." तिला फार वाईट वाटलं.

तिने ते काळे दगड पाणपोईसमोरच्या चिखलात पसरून घेतले. तेव्हापासून ती ढिगाची उंची बघेना. दगड हातात घेऊन विचारी, "कुठल्या गावचा?" जुन्या कारागिराच्या दारात पुन्हा गर्दी झाली.

एके दिवशी दुकानदार तणतणत आला. "माझा ढीग कुठे गेला?"

"त्याच्यावरच उभा आहेस, बाबा," म्हातारी म्हणाली आणि तिने त्यालाही गार पाणी दिलं.

तात्पर्य: विकत घेतलेल्या नावाने माणसं एकदा दारात येतात. परत येतात ती चांगल्या कामामुळे.